विम्बल्डनच्या फुटबॉलचा नाद: सगळे विचारतात ते प्रश्न आणि माझी उत्तरं

घरचे, ऑफिसातले, कोल्हापूरचे दोस्त, इकडं लंडनमधे भेटणारी मराठी मंडळी, सगळे फिरून फिरून तेच विचारतात. दर वेळी फोनवर अर्धा तास जातो आणि तरी निम्मं राहतंच. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं, आता कुणी विचारलं की हेच पाठवणार.

विम्बल्डन म्हणजे टेनिस ना?

टेनिस पण तिथंच, हो. पण ते वर्षातले दोन आठवडे. फुटबॉल ऑगस्टपासून मे पर्यंत, पावसात, थंडीत, मंगळवारी रात्री, सगळं. आमच्या क्लबचं नाव एएफसी विम्बल्डन, जर्सी निळी, त्यात पिवळा, मैदान प्लाऊ लेन, लंडनच्या दक्षिण-पश्चिम भागात, टेनिसच्या कोर्टांपासून दीडेक मैलावर. नऊ हजारांच्या थोडी वर माणसं मावतात. इंग्लंडमधे वरच्या चार डिव्हिजनमधे ९२ क्लब असतात, प्रीमियर लीग, चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू, आम्ही खालच्या दोन्हींत वर-खाली करत असतो. २०२५ ला परत लीग वनमधे चढलो.

एवढा लंडनमधे राहतोस तर आर्सेनल, चेल्सी सोडून हा क्लब कुठून काढलास?

हे कोल्हापूरच्या माणसाला समजवायला एक मिनिट लागतं, बाकीच्यांना जरा जास्त.

आमच्याकडं टीम कुणी निवडत नाही. तुम्ही ज्या पेठेत वाढला, ज्या तालमीत तुमचे काका, चुलते जाऊन बसायचे, ती तुमची टीम, विषय संपला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार मॅच असली की त्या दिवशी दुकानदार अर्ध शटर ओढून येतात, आणि जो पोरगा आत स्ट्रायकर म्हणून खेळतोय त्याला तुम्ही सकाळी दूध आणताना बघितलेलं असतं. मी त्यात वाढलो. टीव्हीवर युरोपचं फुटबॉल आम्ही पण बघायचो, पण ते सिनेमा बघितल्यासारखं, त्यात आपलं असं काय नव्हतं.

इकडं आल्यावर पहिली दोन वर्षं मोठ्या क्लबच्या तिकिटांच्या मागं लागलो. आधी मेंबरशिप घ्या, मग लॉटरीत नाव येतंय का बघा, आलं तर पार वरच्या कोपऱ्यात सीट, आणि पैसे असे की घरी सांगताना आकडा कमी सांगावा लागायचा. मग ऑफिसमधला एक जण म्हणाला मंगळवारी रात्री ये माझ्यासोबत. तेव्हा क्लब किंग्जमेडोला खेळायचा, किंग्स्टनजवळ, छोटं मैदान. मी टचलाइनपासून चार पावलांवर उभा. गोलकीपर आपल्या बॅकला शिव्या घालतोय ते शब्दन् शब्द ऐकू येतंय, टॅकलला बुटाचा आवाज येतोय, चेंडू उडून आला तर तो पकडून परत फेकायला पाच हात वर. शेजारी एक आजोबा, निळी-पिवळी टोपी, पूर्ण मॅचभर ते आमच्या लेफ्ट बॅकशी नावानं बोलत होते, जसा आपल्याकडं एखादा म्हातारा तालमीच्या कट्ट्यावरनं पोराला सांगतो, अरे मागं बघ, मागं बघ. मला तिथं उभ्या उभ्या कळलं की हे आपल्याला माहीत असलेलं फुटबॉल आहे. त्या रात्री नाद लागला तो लागलाच.

"आमचा क्लब उचलून नेला" म्हणता, म्हणजे नक्की काय झालं?

हे नीट सांगतो कारण सगळ्याचं मूळ इथं आहे.

विम्बल्डनचा जुना क्लब १८८९ चा. १९१२ पासून मैदान प्लाऊ लेन. १९८९ ला हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरीत लोक मेले, त्यानंतर वरच्या लीगमधल्या मैदानांत सगळ्यांना बसायला सीट पाहिजे असा नियम आला, जुन्या प्लाऊ लेनला ते जमणार नाही म्हणून १९९१ ला क्लब सेलहर्स्ट पार्कला गेला, क्रिस्टल पॅलेसच्या मैदानात भाडेकरू. तात्पुरतं म्हणून गेले ते गेलेच. २००० ला प्रीमियर लीगमधनं खाली पडले आणि २००१ च्या ऑगस्टमधे मालकांनी जाहीर केलं की क्लब मिल्टन कीन्सला न्यायचा.

मिल्टन कीन्स कुठं तर लंडनच्या उत्तरेला, विम्बल्डनपासून साधारण ५५ मैल. आपल्या हिशेबात कोल्हापूरहून निघालात तर कराड मागं पडेल. आता विचार करा, तुमच्या पेठेतली तालमीची टीम, तिचा इतिहास, तिची लीगमधली जागा, खेळाडू, सगळं कुणीतरी उचलून कराडच्या पलीकडं नेऊन ठेवलं आणि म्हणालं, टीम तीच आहे की, बघायला या. पेठ पेटली असती. विम्बल्डनमधे पण तेच झालं, मोर्चे निघाले, मॅचला जायचं बंद केलं, मॅचचं छापील माहितीपत्रक विकत घ्यायचं बंद केलं. लीगनं आधी नाही म्हटलं होतं. मग तिघांचं एक कमिशन बसलं आणि २८ मे २००२ ला दोन विरुद्ध एक मतानं त्यांनी परवानगी दिली. त्यांच्या निकालात असं पण लिहिलेलं की फॅन्सनी विम्बल्डनमधे नवीन क्लब काढणं हे फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही. इथल्या जुन्या लोकांना ते वाक्य पाठ आहे, वीस वर्षं झाली तरी म्हणताना आवाज बदलतो.

मग नवीन क्लब कसा उभा केला?

निकालानंतर दोनच दिवसांत मीटिंग झाली. लोक अपील करायचं, कोर्टात जायचं असं बोलत होते, तेव्हा क्रिस स्टुअर्ट नावाचे एक फॅन उठून म्हणाले की लढून दमलो, मला आता फक्त फुटबॉल बघायचंय. तिथनं ठरलं, आपला क्लब आपण काढायचा. जूनच्या २९ तारखेला विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे आपल्याकडचं गायरान असतं तसं मोकळं माळरान समजा, ट्रायल ठेवली, कुणीही या म्हणून, आणि २३० पोरं आली. सहा आठवड्यांत टीम, जर्सी, मॅनेजर, मैदान, लीग, सगळं जमवलं.

पहिली फ्रेंडली मॅच १० जुलैला सटन युनायटेडच्या मैदानावर. ४,६५७ माणूस. गेटवर रांग संपेना म्हणून मॅच उशिरा सुरू करावी लागली. हरलो ४-० नं, आणि मॅच संपल्यावर लोक मैदानात धावत गेले, आनंदानं. चार गोल खाल्लेली टीम आणि म्हातारी माणसं रडत मिठ्या मारतायत. मी तिथं नव्हतो, मी तेव्हा कोल्हापुरात शाळेत होतो, पण ही गोष्ट इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की मला ते मैदान डोळ्यासमोर दिसतं.

मग लीग. कम्बाइन्ड काउंटीज लीग नावाची, लीग टूच्या कितीतरी पायऱ्या खाली, जिथं काही मैदानांना एका बाजूला कुंपणाऐवजी झाडं असतात. पहिली लीग मॅच १७ ऑगस्टला सँडहर्स्टला, जिंकलो २-१. जिथं पन्नास-शंभर लोक यायचे तिथं आमचे हजारो लोक जायला लागले, बिचाऱ्या छोट्या क्लबांचे चहा आणि बर्गर संपून जायचे. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ लीगमधे सलग ७८ मॅच हरलो नाही, इंग्लंडच्या सीनियर फुटबॉलमधे तो रेकॉर्ड आहे. मग २००४, २००५, २००८, २००९ अशा चार पायऱ्या, आणि २१ मे २०११ ला मँचेस्टरमधे ल्यूटन टाऊनशी प्ले-ऑफ फायनल, म्हणजे वरच्या डिव्हिजनमधे जायची शेवटची जागा ठरवणारी मॅच. शून्य-शून्य, पेनल्टी. सेब ब्राऊन गोलमधे, तो लहानपणापासून याच क्लबचा फॅन, त्यानं दोन पेनल्टी अडवल्या. शेवटची डॅनी केडवेलनं मारली, आत. ४-३. नऊ वर्षांत कॉमनवरच्या ट्रायलपासून फुटबॉल लीगमधे, म्हणजे त्या ९२ क्लबांत.

१९८८ चं काय ते?

त्या साली १४ मे ला वेम्बलीवर जुन्या विम्बल्डननं एफए कप फायनलमधे लिव्हरपूलला १-० हरवलं. लिव्हरपूल तेव्हा म्हणजे काय होतं ते विचारू नका, नुकतीच लीग जिंकून आलेले. विम्बल्डन अकरा वर्षांपूर्वी फुटबॉल लीगमधे पण नव्हते, १९७७ ला घेतले. डेनिस वाइजची फ्री किक, लॉरी सँचेझचं हेडर, झाला गोल. मग लिव्हरपूलच्या जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी आमचा गोलकीपर डेव्ह बेझंटनं डावीकडं झेपावून बाहेर काढली, एफए कप फायनलमधे अडवलेली ती पहिली पेनल्टी. बेझंटच कॅप्टन, कप त्यानंच उचलला. त्या कपची प्रतिकृती आणि जुनी बक्षिसं मिल्टन कीन्सकडं होती, ती २००७ ला इथल्या मर्टन कौन्सिलकडं परत आली. तो इतिहास या गावाचा आहे, गावातच राहिला पाहिजे, यात मला दुसरं मत ऐकून घ्यायचं नाही.

क्लबचा मालक कोण?

आम्ही. डॉन्स ट्रस्ट म्हणून फॅन्सची संस्था आहे, वर्षाची थोडी फी भरून मेंबर व्हायचं, एका माणसाला एक मत. तुमच्याकडं पैसा किती, सीट कुठली, काय फरक पडत नाही. मी पण मेंबर आहे. पहिल्यांदा मतदान केलं तेव्हा समोर हिशेबाचे कागद होते, खेळाडूंच्या पगारावर किती, गवतावर किती, पोरांच्या अकॅडमीवर किती, आणि बाजूला बसलेली एक निवृत्त शिक्षिका एकेका ओळीवर पेन टेकवून प्रश्न विचारत होती, बोर्डावरच्या माणसाला उत्तर देताना घाम फुटला होता. मोठ्या क्लबमधे असं बघायला मिळत नाही हो.

याचा तोटा पण आहे, तो लपवून काय उपयोग. खिशात पैसा कमी. चांगला खेळाडू तयार झाला की दुसरा क्लब उचलतो. पण प्लाऊ लेनवरचं मैदान बघा. जुन्या मैदानाच्या जागी आता फ्लॅट झालेत, इमारतींना विम्बल्डनच्या जुन्या माणसांची नावं आहेत. तिथनं अगदी हाकेच्या अंतरावर, जिथं आधी कुत्र्यांच्या शर्यतीचं स्टेडियम होतं, तिथं आमचं नवीन मैदान. बांधताना पैसे कमी पडले, बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं चाललेलं, तेव्हा फॅन्सनीच रोखे काढले, तुम्ही क्लबला इतकी वर्षं पैसे उसने द्या, व्याज पाहिजे तर घ्या नको तर सोडा असं, आणि २०२० च्या सुरुवातीला काही आठवड्यांत ५० लाख पौंडांच्या वर जमले. कुणी हजार दिले, कुणी पोराच्या नावानं दिले.

३ नोव्हेंबर २०२० ला तिथं पहिली मॅच झाली, डॉनकॅस्टरशी २-२. २९ वर्षांनी क्लब घरी आला आणि करोनामुळं आत एक पण माणूस नाही. मी लॅपटॉपवर बघितली. जो पिगॉटनं पहिला गोल मारला तेव्हा रिकाम्या स्टँडमधनं त्याचा स्वतःचाच ओरडा परत आला. पुढच्या ऑगस्टमधे लोकांना आत घेतलं, बोल्टनशी ३-३. तो आवाज अजून कानात आहे.

मिल्टन कीन्सशी मॅच असते तेव्हा?

त्या आठवड्यात झोप येत नाही. पहिल्यांदा समोरासमोर आले डिसेंबर २०१२ ला, एफए कपमधे, २-१ नं हरलो, शेवटच्या क्षणाला. २०१४ ला त्यांच्याच मैदानावर पहिल्यांदा हरवलं, ३-२, अकिनफेन्वानं विजयी गोल मारला. आणि मार्च २०२४ ला प्लाऊ लेनवर इंज्युरी टाइममधे रोनन कर्टिसचा गोल, १-०. त्या गोलला माझा चष्मा कुठं उडाला ते कळलं नाही, मागच्या ओळीतल्या एका पोरीनं दहा मिनिटांनी आणून दिला.

तिकडच्या आजच्या पोरांवर माझा राग नाही. दहा-बारा वर्षांचं पोरगं आपल्या गावातल्या टीमला ओरडतंय, त्याचा काय दोष. राग आहे तो ज्यांनी कागदावर सह्या केल्या त्यांच्यावर, आणि तो जाणार नाही.

सारखं हरल्यावर वैताग येत नाही?

येतो. २०२१-२२ ला डिसेंबरनंतर सीझन संपेपर्यंत लीगमधे एक मॅच जिंकली नाही, एकही नाही, खाली पडलो. दर शनिवारी घरी येऊन जेवण जायचं नाही. पण शनिवारी दोन वाजले की पाय तिकडंच. किंग्जमेडोच्या त्या टोपीवाल्या आजोबांना एकदा विचारलं की तुम्ही का येता एवढं होऊन, तर ते म्हणाले, माझा क्लब एकदा गेला होता, आता हरला तरी आहे ना इथं.

फुटबॉल सोडून क्लब आणखी काय करतो?

२०२० च्या मार्चमधे लॉकडाऊन लागला तेव्हा काही फॅन्सनी डॉन्स लोकल ॲक्शन ग्रुप सुरू केला. सुपरमार्केटच्या दारात टेबल लावून उभं राहायचं, लोक खरेदी करून बाहेर येताना डाळ, पास्ता, डबे, साबण जे जमेल ते देणार, आपण ते पेट्यांत भरून गरजूंच्या घरी पोचवायचं. मग शाळेच्या पोरांना जुने लॅपटॉप दुरुस्त करून द्यायला लागले, फर्निचर द्यायला लागले. मी शनिवारी पेट्या भरायला जायचो. एक बाई दर आठवड्याला चहाचं एकच पाकीट आणायची, काही न बोलता टेबलाच्या त्याच कोपऱ्यावर ठेवायची आणि जायची, तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही तो कोपरा रिकामा ठेवायला लागलो.

क्लबवर वेळ आली तेव्हा लोक पण धावले. सप्टेंबर २०२४ ला प्रचंड पाऊस झाला, मैदानाजवळची वॉन्डल नदी फुटली आणि पिचमधे मोठा खड्डा पडला, गवत आतल्या आत गडप. न्यूकॅसलशी कपची मॅच इथं व्हायची होती, ती त्यांच्याकडं न्यावी लागली. एका फॅननं ऑनलाइन वर्गणी काढली, लाख पौंडांच्या वर जमली, न्यूकॅसल क्लबनं पण पैसे दिले. आपल्याकडं २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीला कुठनं कुठनं ट्रक आले होते, मला सारखी त्याची आठवण येत होती.

वेम्बलीला गेला होतास ना? कसं होतं?

२६ मे २०२५. लीग टूची प्ले-ऑफ फायनल, समोर वॉल्सॉल. २०१६ ची प्लिमथवाली फायनल माझी हुकली होती, गावी लग्न होतं, म्हणून या वेळी काही झालं तरी जायचंच. आमची सगळी बाजू निळी-पिवळी. हाफटाइमच्या तोंडावर माइल्स हिपोलिटनं गोल मारला आणि मग उरलेला पाऊण तास मी बसलोच नाही, उभ्या उभ्या घड्याळ बघतोय. शिट्टी झाली. माझ्या पोरीला खांद्यावर घेतली, ती सहा वर्षांची, तिला काही कळत नव्हतं पण ती माझे केस धरून ओरडत होती. आईला कोल्हापुरात व्हिडिओ कॉल लावला, आवाजात काहीच ऐकू येईना, ती नुसतीच हात हलवत होती.

आपल्या माणसांना तिथं कसं वागवतात?

मला विचारलंत तर चांगलं. टूटिंग शेजारीच आहे, तमिळ, पाकिस्तानी, गुजराती सगळ्यांची वस्ती, पण मैदानात आपल्यासारखे चेहरे अजून कमी दिसतात, हे खरं. दुसऱ्या एका गावी मॅचला गेलो असताना एकदा मागनं वाईट शब्द आला. मी वळायच्या आधी आमचेच चार जण वळले होते, आणि मैदानावरच्या रखवालदारानं त्या माणसाला बाहेर काढला. प्लाऊ लेनवर इतक्या वर्षांत मला असं ऐकावं लागलं नाही. जास्त लोक आले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं, विशेषतः बायका-पोरं घेऊन. पोरांना हे मैदान फार चांगलं, हेडन नावाचा मॅस्कॉट येऊन हात मिळवतो, हेडन्स रोड स्टेशनवरनं त्याचं नाव.

पुण्या-मुंबईतनं बघता येईल का?

शनिवारची दुपारी तीनची मॅच तुमच्याकडं हिवाळ्यात रात्री साडेआठला, इथलं घड्याळ पुढं असताना साडेसातला. मंगळवारची पावणेआठची मॅच म्हणजे तुमच्याकडं मध्यरात्र उलटून सव्वाबारा, हिवाळ्यात सव्वा एक. गंमत म्हणजे शनिवारी दुपारी त्या वेळात इंग्लंडमधे टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल दाखवायला बंदी असते, लोकांनी मैदानावर जावं म्हणून, पण परदेशातनं काही मॅच बघता येतात. कुठली मॅच कुठं दिसणार ते सीझनप्रमाणं बदलतं, क्लबच्या वेबसाइटवर आधी बघा. मी तर म्हणतो ऑडिओ कॉमेंट्री ऐका. आपले बाबा लोक रेडिओवर क्रिकेट ऐकायचे तसं, डोळे मिटून.

लंडनला येतोय, एक मॅच दाखवशील?

अरे ये की! तिकीट क्लबच्या वेबसाइटवर मिळतं, मोठ्या क्लबसारखी मारामारी नसते, पण मिल्टन कीन्सची किंवा कपची मॅच असेल तर आधी सांग. हेडन्स रोड स्टेशनला उतर, मी बाहेर उभा असेन, तिथनं चालत दहा मिनिटं. थर्मल घाल, जाड मोजे घाल, पाऊस नसला तरी जॅकेट टोपीवालं. बियर प्यायची तर आधीच पी, पिच दिसतंय अशा जागी पिऊ देत नाहीत, कायदाच आहे. साऊथ स्टँडला उभं राहून बघायचं असलं तर सव्वादोनला पोच, नंतर पुढची जागा जाते. गळ्यात घालायला मफलर माझ्याकडं दोन आहेत.